पिशवी घेऊन बाहेर बसलेली बाई

मैत्रिणींनो, "पेशंटचे नातेवाईक आत या" अशी हाक आली की आपल्याकडे कोण उठतं? दीर उठतात, भाऊ उठतो, जावई उठतो. बायको पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत बाकड्यावर बसून राहते. मीही तशीच बसले होते.

मार्च २०२२ मध्ये आमच्या ह्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. लिव्हरपर्यंत पसरलेला, म्हणजे ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. मला मात्र सांगितलं गेलं, "पोटात गाठ आहे, किमोने जाईल." भोकरदनहून दर पंधरा दिवसांनी शहरात जायचं, दोन दिवस सलाईन, मग एसटीने परत. मी बी. ए. झालेली, बचत गटाच्या बायकांना बँकेचे फॉर्म भरून देणारी. पण नवऱ्याची फाईल भावजींच्या हातात!

पहिली किमो घेऊन घरी आलो. एप्रिलचं ऊन. ह्यांनी माठातलं पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि गळा धरून बसले. मला वाटलं, संपलं सगळं. नंतर कळलं की त्यात ऑक्सालिप्लॅटिन नावाचं औषध होतं. ते घेतल्यावर काही दिवस थंड सोसत नाही, घशात, बोटांत सुया टोचतात. कोमट पाणी द्यायचं, एवढी साधी गोष्ट!

पचनाच्या कॅप्सूलचंही तेच. त्या जेवता जेवता घ्यायच्या, मी बाकी गोळ्यांसारख्या जेवण झाल्यावर देत होते. खाल्लेलं अंगी लागेना, शौच तेलकट. आणि येणारा जाणारा मलाच म्हणे, "तू आग्रह करून खाऊ घालत नाहीस."

तिसऱ्या किमोनंतर एका रात्री १०१ ताप आला. मी तापाची गोळी दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि सकाळची वाट बघितली. पांढऱ्या पेशी अगदी उतरल्या होत्या. थोडक्यात वाचले. डॉक्टर रागावले, "ताप १००.४ झाला की रात्र असो की दिवस, निघायचं, असं सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं, भावजींना. त्यांचा दोष मी देत नाही, पैशासाठी, योजनेच्या कागदांसाठी तेच धावले. पण रात्री दोन वाजता थर्मामीटर माझ्या हातात होता.

पुढच्या वेळी मी हाक येण्याआधीच दाराशी उभी राहिले. आत गेले आणि स्पष्ट विचारलं. डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं. बाहेर येऊन संडासात जाऊन रडले, मग दुकानातून शंभर पानी वही घेतली.

ही लपवाछपवी फक्त आपल्या घरांतच असते असं नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले. आजाराचं नाव सरकारकडून जाहीरपणे ऐकायला ऑक्टोबर उजाडला. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला गेले. त्यांच्या पत्नी मेधाताई कॅन्सरनेच आधी गेलेल्या. मुख्यमंत्र्यांचं आजारपण ही राज्याची बाब असते, तिथे नाव उच्चारणं जड जातं, हे मी समजू शकते. पण एका ताटात जेवणाऱ्या दोघांनी एकमेकांपासून लपवायचं?

सासूबाई म्हणायच्या, "त्याला कळलं तर खचेल." ह्यांना सगळं माहीत होतं! एका रात्री मला म्हणाले, "तुला सांगितलंय का कुणी?" मी म्हटलं, "मीच विचारून आले." त्यावर कितीतरी दिवसांनी हसले. मग आम्ही सातबारा, बँकेतलं वारसाचं नाव, लेकीचं शिक्षण, सगळं बोललो. पाठीतली कळ वाढली तेव्हा मॉर्फिनला घरातून विरोध झाला, "व्यसन लागेल." मी डॉक्टरांना समोरासमोर विचारलं होतं, म्हणून गोळ्या वेळेवर देऊ शकले. शांत झोप लागायची. डिसेंबरात हे गेले.

मागच्या महिन्यात राजूरकडच्या एका बाईबरोबर दवाखान्यात गेले होते. हाक आली. तिघे पुरुष उठले. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि वही दिली.