बाटलीवरचे वय, पेल्यातली चव

व्हिस्कीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली चौकशी वयाची होते. बारा वर्षांची की अठरा? परदेशातून येणाऱ्या भाच्याला ड्यूटी फ्रीमधून कोणती बाटली आणायला सांगायची, हेही बहुधा याच आकड्यावर ठरते, आणि दुकानातला दर तर त्या आकड्याचे बोट धरूनच चढतो. तीन-चार व्हिस्की शेजारी मांडून, सावकाश चाखून त्यांच्यातला फरक शोधण्याचा छंद आता शहरांतल्या मध्यमवर्गातही दिसू लागला आहे. छंद चांगला आहे. पण नाव, वय आणि किंमत वाचून मग घोट घेणाऱ्याने तुलना केलेली असते ती लेबलांची. चव जोखायची असेल तर आधी बाटली झाकली पाहिजे, आणि झाकायची सुरुवात त्या वयाच्या आकड्यापासून केली पाहिजे.

तो आकडा नेमके काय सांगतो? स्कॉच व्हिस्कीसंबंधीच्या 2009च्या ब्रिटिश नियमांनुसार स्कॉच किमान 3 वर्षे स्कॉटलंडमध्येच, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरावी लागते, आणि बाटलीवर वय छापायचे तर आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे छापावे लागते. आकड्याची हमी इथे संपते. पिंप पहिल्यांदा भरले होते की तिसऱ्यांदा, त्यात आधी शेरी वाइन होती की अमेरिकी बर्बन, ते कोणत्या गोदामात होते, यातले काहीही त्यावरून कळत नाही. आणि चवीचा मोठा वाटा तर त्या लाकडाचा असतो. रंगावरून अंदाज बांधावा, तर साधे कॅरामल घालून रंग गडद करायला तोच कायदा परवानगी देतो. गडद सोनेरी म्हणजे जुनी, हा समज त्यामुळे पाण्यात जातो. (खरे तर कॅरामलात.)

शिवाय बारा वर्षे सगळीकडे सारखी नसतात. पिंपातून दर वर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. व्यवसायातले लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत हा वाटा वर्षाला सुमारे 2 टक्के असतो, बंगळुरूत 10 टक्क्यांच्या वर जातो. हिशेब करून पाहा: बारा वर्षांत स्कॉटिश पिंपातला साधारण पाचवा हिस्सा जाईल, बंगळुरूच्या पिंपातला जवळजवळ पाऊण. उष्णतेने लाकूड आणि मद्य यांच्यातला व्यवहारही भराभर होतो. म्हणूनच बंगळुरूची अमृत किंवा गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन यांच्या बहुतेक बाटल्यांवर वय छापलेले नसते. छापले तर स्कॉचच्या शेजारी पाच किंवा सहा हा आकडा पोरकट दिसेल. अमृतची ‘फ्यूजन’ अशीच वय न सांगणारी. जिम मरे या ब्रिटिश समीक्षकाने आपल्या 2010च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये तिला 97 गुण देऊन जगात तिसरी ठरवली. एका समीक्षकाचे मत म्हणून ते बाजूला ठेवता येईल, पण त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिंबरातल्या लीथ येथे, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या बर्न्स नाइटच्या निमित्ताने झालेल्या चाखणीचे काय करायचे? परीक्षकांपुढे नावे झाकून पेले ठेवले होते. त्यांत स्कॉच होत्या आणि तैवानची कावालान होती. कावालान पहिली आली. तिच्या डिस्टिलरीतून पहिली धार निघाली होती ती 2006मध्ये. म्हणजे जिंकलेली व्हिस्की चार वर्षांचीही नव्हती.

वय निरर्थक आहे, असे यावरून कोणी म्हणू नये. एकाच डिस्टिलरीची, एकाच प्रकारच्या पिंपातली बारा आणि अठरा वर्षांची व्हिस्की शेजारी ठेवली तर आकडा खूप काही शिकवतो. गडबड होते ती हा आकडा देश आणि हवामान ओलांडून गुणपत्रिकेसारखा वापरला की. आणि लेबल डोळ्यांसमोर असताना ती गडबड थांबत नाही, कारण वाचलेले किंवा पाहिलेले विसरून चाखणे माणसाला जमत नाही. बोर्दोमध्ये मद्यशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग 2001मध्ये प्रसिद्ध झाला. वाइनच्याच सहा हजारांहून अधिक झाकल्या चाखण्यांचे एक अमेरिकी विश्लेषण 2008चे आहे. सामान्य लोकांना त्यात महागडी वाइन स्वस्त वाइनपेक्षा किंचित कमीच आवडली. प्रशिक्षितांच्या बाबतीत मात्र कल उलटा, महागड्या वाइनकडे दिसला. सरावाने जीभ बदलते, असा याचा एक अर्थ निघतो, आणि तुलनेचा छंद लावून घेण्याचे एवढे चांगले कारण मला दुसरे दिसत नाही.

सराव करायचा कसा, याला यंत्रसामग्री लागत नाही. ओतणारा एक आणि चाखणारा दुसरा असावा. एकसारख्या तीन पेल्यांत प्रत्येकी 15 मिली. दोन पेल्यांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचे. नुसत्या नशिबावर, वेगवेगळ्या संध्याकाळी केलेल्या सहा खेपांत सरासरी दोनदा उत्तर बरोबर येईल. पाचदा आले तर जिभेला खरोखरच काही कळते आहे, असे मानायला हरकत नाही. आवडनिवड, वासांची यादी, गुण वगैरे त्यानंतर. बर्फ आणि सोडा या वेळेपुरता नको, चकणा तर नकोच, कारण तिखट शेवेनंतर पीटचा (माल्ट वाळवताना जाळलेल्या दलदली मातीचा) धूर आणि शेरीचा मनुका यांतला भेद करणे कठीण. साध्या पाण्याचे थेंब मात्र जरूर घालावेत. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2017मध्ये संगणकावर मांडलेल्या प्रतिरूपांत असे दिसले की पाणी मिसळल्यावर धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे येतो. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असे ऐकवणाऱ्यांनी हे वाचावे.

झाकून चाखण्यावर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. कॅलिफोर्नियातल्या 2008च्या एका प्रयोगात एकच वाइन कधी 10, तर कधी 90 डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितली तेव्हा ती लोकांना अधिक आवडलीच, शिवाय मेंदूतल्या सुखाशी संबंधित भागाची हालचालही वाढली. म्हणजे लेबलाचे सुख खरे असते. मग ते कोणाचे कशाला हिरावायचे? हिरावू नये. स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या किनाऱ्यावरची गोदामे मनात आणून कोणी पेला उचलत असेल तर तो आनंद त्याचाच. पण त्या आनंदातून ‘भारतीय माल्टमध्ये दम नाही’ असा निकाल निघतो, आणि चारपट पैसे मोजले जातात, तेव्हा तो निकाल तपासायलाच हवा. झाकल्या चाखणीलाही खोट आहे, हेही कबूल केले पाहिजे: शेजारी शेजारी घोट घेताना धुराची, शेरीची, जोरकस व्हिस्की उठून दिसते आणि हळुवार मागे पडते. यावर उपाय म्हणून तेच पेले दुसऱ्या संध्याकाळी, उलट्या क्रमाने चाखावेत.

आणि आरोग्य? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2023च्या जानेवारीत सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. छंद म्हटल्याने यकृताला सूट मिळत नाही, आणि न पिणाऱ्याने या छंदासाठी सुरुवात करावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. महाराष्ट्रात तर व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि कायद्याने परवानाही लागतो. पण जे पितातच, त्यांच्यापुरते गणित असे: एका खेपेचे 15 मिलीचे तीन पेले म्हणजे दीड छोटा पेग, तोही तासाभराच्या हुंगण्या-चाखण्यात वाटलेला, आणि चूळ भरून थुंकला तरी तुलना बिघडत नाही. ज्यांचा हा पोटापाण्याचा धंदा आहे ते ब्लेंडर दिवसाला कितीतरी नमुने पारखतात. त्यांचे बहुतेक काम नाकावरच चालते.