शाडूचा गणपती आणि रबरी साचा

गेल्या वर्षी नातीने हट्ट धरला, गणपती घरीच करायचा. दुकानदाराने शाडूबरोबर रबरी साचा गळ्यात मारला. "आजोबा, वाकतो बघा, मूर्ती पटकन सुटते!" शाडू दाबून भरला. दुसऱ्या दिवशीही माती ओलीच. सोलायला गेलो तर सोंड साच्यातच राहिली. पोर रडकुंडीला आली.

रबर पाणी पीत नाही, हे मला सुचायला हवे होते. पण विकणाऱ्याने सांगायला नको का? रबरात प्लास्टर किंवा मेण ओतावे; ते आपसूक घट्ट होते आणि साचा वाकतो म्हणून खाचाखोचांतूनही निघते. शाडूला प्लास्टरचाच साचा हवा. तो मातीतले पाणी शोषतो, माती किंचित आकसते आणि सुटते. त्याला तेल मात्र लावू नये, छिद्रे बुजतात. काही मूर्तींनंतर साचा ओलावतो, तेव्हा वाळवावा. गंमत म्हणजे, पाण्यात विरघळत नाही म्हणून ज्या प्लास्टरच्या मूर्तीला आपण नाके मुरडतो, त्याच प्लास्टरच्या पोटातून शाडूचा गणपती येतो!

असो. यंदा दोन भागांचा साचा आणला. कडा ओरखडून, शाडूचाच पातळ चिखल लावून जोडल्या. सोंड शाबूत आली. एक कान वाकडा झालाय, पण नात म्हणते, राहू दे तसाच.