पोळ्यापर्यंत मुदत : चौसाळ्यातल्या दुचाकीवाल्यांना जाहीर इशारा

महामार्गालगत पंक्चर, गॅरेज, चहा, किराणा नि कृषी दुकानं चालवणारे आम्ही लोक हे लिहून लावतो आहोत. वाचता येत नसेल त्याने वाचून घ्यावं. नंतर ‘मला कुणी सांगितलं नाही’ ऐकून घेतलं जाणार नाही.

‘हेल्मेट पुण्या-मुंबईत लागतं, इथं कोण धरतंय’ हे वाक्य आमच्या बाकड्यांवर रोज ऐकू येतं. आता ते बंद. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पुण्यासाठी वेगळं आणि बीड जिल्ह्यासाठी वेगळं छापलेलं नाही. चार वर्षांवरचा प्रत्येक माणूस, पुढे बसलेला असो की मागे, सार्वजनिक रस्त्यावर हेल्मेट घालील आणि त्याचा पट्टा आवळलेला असेल, असं त्यात आहे. सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. टोपी, फेटा, उपरणं यांचा तिथे उल्लेख नाही. चार वर्षांखालच्या लेकरांना केंद्राच्या २०२२ च्या नियमाने मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा घालून दिली आहे. टाकीवर बसवलेल्या नातवाच्या आजोबांनी हे दोनदा वाचावं.

बदलतं ते धरणारं माणूस. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्ती आली, कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले आणि जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी शहरातली कारवाई थांबवायला सांगितलं. पावत्या फाडणं थांबलं, कलम तसंच राहिलं. गुजरातने २०१९ मध्ये हजाराचा दंड पाचशेवर आणला आणि डिसेंबरात महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत सक्तीच उठवली. पुढे ती सवलत मागे घ्यावी लागली. पण ती असतानाही महामार्ग आणि खेड्यांचे रस्ते तिच्यात नव्हते. म्हणजे गुजरातचा दाखला देणाऱ्या हुशाराने नीट बघावं, चौसाळा तेव्हा तिथे असतं तरी सुटलं नसतं. दिल्लीत २०१४ पर्यंत बायकांना सूट होती, ती गेली. अमेरिकेतल्या फ्लोरिडात एकवीस वर्षांवरच्याला २००० सालापासून मोकळं डोकं चालतं, पण दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा दाखवून. तुमच्यापैकी कुणाकडे असला कागद असेल तर दुकानात आणून दाखवा, आम्ही चहा पाजू.

आपल्या दारावरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. दुभाजकाचा कट लांब पडतो म्हणून दुधाचे दोन कॅन अडकवून उलट्या बाजूने येणारे आम्ही रोज पाहतो. समोरून ट्रेलर, आणि याचं हेल्मेट आरशाला. एका दाजींच्या हेल्मेटात परवा कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. दुसऱ्या एकाचं क्लिप तुटलेलं, सुतळीने बांधलेलं. विचारलं तर म्हणे पोलीस दिसला की घालतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर मेले. हा सरकारी आकडा आहे, कुणी पारावर बसून काढलेला नाही. हेल्मेटने डोक्याची इजा ६९ टक्क्यांनी आणि मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांची छाननी करून तज्ज्ञांनी २००८ मध्येच मांडलं आहे.

या जिल्ह्याने रस्त्यावर गोपीनाथराव मुंडे गमावले, विनायकराव मेटे गमावले. ते गाडीतले अपघात होते, हेल्मेटचा संबंध नाही, हे आम्हालाही कळतं. पण त्यांच्या फोटोचं स्टिकर गाडीवर लावून उघड्या डोक्याने सुसाट जाणाऱ्या पोरांना काय म्हणावं?

२०१६ मध्ये ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा मंत्र्यांनी विधानसभेत केली होती. पंपवाले आडवे आले, महिन्याभरात ती पातळ झाली. आमची घोषणा आमच्या दुकानापुरती आहे, ती पातळ करायला मुंबईला जाता येणार नाही.

तर ऐका. येत्या पोळ्यापर्यंत मुदत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून विनाहेल्मेट आलेल्या दुचाकीचं पंक्चर निघणार नाही, हवा भरली जाणार नाही, सर्व्हिसिंग होणार नाही. त्याला चहा, भजी मिळणार नाही आणि खत-बियाण्याची उधारी मिळणार नाही. सरपंच असो, मास्तर असो, आमचा साडू असो. दवाखान्याची घाई असेल तर आधी काम, मग बोलणी.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच. जून २०२१ पासून बिनशिक्क्याचं विकणं गुन्हा आहे, तेव्हा रस्त्याकडेला टोपल्या मांडणाऱ्यांनी आमच्या ओट्यावर बसू नये. नवी गाडी घेताना हेल्मेट मिळणं हा केंद्रीय नियम १३८ प्रमाणे तुमचा हक्क आहे, शोरूमवाल्याकडून मागून घ्या, लाजू नका. आणि पिकअप, ट्रॅक्टरवाल्यांनी लक्षात ठेवावं: कलम १९४-ड मध्ये हजार रुपयांच्या जोडीला तीन महिने लायसन जातं. लायसन एकच असतं. दुचाकीपायी गेलं तर ऐन सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरही दारात उभा राहील.

स्वतः हेल्मेट घालून बायकोला मागे तशीच बसवून आणणाऱ्याच्या गाडीत हवा भरली जाणार नाही. ताईंना बसायला खुर्ची आणि पाणी मिळेल.