अंगणातील जीर्ण झाडाचा निवाडा

गांधीबागेत अंगणात झाड असणे ही आता साधी गोष्ट राहिलेली नाही. कापडाच्या घाऊक बाजाराने, गोदामांनी आणि एकमेकींना टेकून उभ्या राहिलेल्या इमारतींनी येथील मोकळी जागा केव्हाच व्यापली आहे. तरीही महालाच्या किंवा इतवारीच्या बाजूच्या गल्लीत शिरावे, तो एखाद्या जुन्या घराच्या मागील अंगणातून कडुनिंबाचा शेंडा कौलांवर डोकावताना दिसतो. नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला म्हणजे त्या सावलीचे मोल कोणत्याही कूलरला येत नाही. परंतु मे महिना सरता सरता एखाद्या संध्याकाळी आकाश पिवळे पडते, वावटळ उठते आणि त्याच झाडाकडे पाहण्याची घरच्यांची दृष्टी पालटते. दुपारी ज्याच्या सावलीत बाज टाकली, त्याच्याखालून ती रात्री उचलून आत न्यावीशी वाटते.

ही भीती निराधार आहे असे कोणी म्हणू नये. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या आवारातील कडुनिंबाचा जुना, प्रचंड वृक्ष शेजारच्या टिनाच्या शेडवर कोसळला. पावसापासून बचाव करण्यासाठी भाविक त्याच शेडखाली जमले होते. सात जण दगावले, अनेक जखमी झाले. अंगण मंदिराचे असो की घराचे, झाड, वादळ आणि खालचे टिनाचे छप्पर ही तिन्ही विदर्भात सर्वत्र सारखीच आहेत.

मात्र अशी बातमी वाचून दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड बोलावणे हा विवेक नव्हे. गांधीबागेहून लकडगंज काही दूर नाही. झाड तोडून देणारा माणूस तासाभरात दारात उभा राहतो आणि बुंध्यावर हात ठेवताच झाड आतून पोकळ झाल्याचा निर्वाळाही देतो. ज्याला लाकूड न्यायचे आहे, त्याने झाडाच्या प्रकृतीचे निदान करावे, यासारखा विनोद नाही. निदान आणि विक्री ही दोन कामे दोन माणसांकडे असावीत, हा साधा नियम आपण वैद्यकात मानतो. झाडाच्या बाबतीत तो कोणाला आठवत नाही.

वस्तुतः नुसती पोकळी हे मरणाचे लक्षण नाही. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो. मधला गाभा कुजला तरी भोवतालचे लाकूड पुरेसे जाड आणि निरोगी असेल, तर ते एखाद्या नळीप्रमाणे भार पेलते. चिंता करावी ती निराळ्या गोष्टींची. बुंध्याशी, जमिनीलगत, पावसाळ्यात कठीण अळंबीचे थर उगवत असतील, तर मुळे कुजू लागल्याची शंका घ्यावी. वर्षानुवर्षे वाकून वाढलेले आणि शेंड्याकडे पुन्हा सरळ झालेले झाड सहसा आपला तोल सांभाळून असते. पण गेल्या पावसाळ्यापर्यंत सरळ असलेले झाड यंदा कलले असेल आणि कलण्याच्या विरुद्ध बाजूची माती फुगली किंवा तडकली असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. दोन जाड फांद्या जेथे अरुंद कोनात फुटतात, तेथे उभी चीर पडली आहे काय, तेही पाहावे. कडुनिंबाची परीक्षा तर पंचांगच करून देते. गुढीपाडव्याच्या सुमारास सारे झाड कोवळ्या पालवीने लालसर होत असताना जी फांदी कोरडी राहते, ती वाळलेली समजावी.

झाडाच्या पडण्याला पुष्कळदा त्याचे वय नव्हे, घरमालकाचा टापटिपीचा हव्यास कारणीभूत असतो. अंगणात चिखल नको म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायचे, नळासाठी किंवा गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तोडून टाकायची आणि पाच वर्षांनी झाड धोकादायक झाले म्हणून तक्रार करायची! भीतीपोटी झाड वरून बोडके करण्याची चालही अशीच. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की, माणसाची जखम जशी भरून येते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंत घालून त्याला वेगळे पाडते, इतकेच. सरसकट शेंडा छाटलेल्या झाडाच्या थोटकांतून कूज आत शिरते आणि वर फुटणारे नवे धुमारे नुसते सालीलगत चिकटलेले असतात. अशा छाटणीने आजचा धोका दहा वर्षांनंतरच्या वादळावर ढकलला जातो, बहुधा वाढवून.

धोका झाडात जितका असतो तितकाच झाडाखाली काय आहे यातही असतो. ओसाड पडीक जागेतील मोडकळीला आलेला उंबर पाखरांचे घर असतो. तोच न्हाणीघरावर आणि मुलांच्या अभ्यासाच्या खोलीवर झुकलेला असेल तर प्रश्न वेगळा. क्वचित झाड हलवण्यापेक्षा शेड हलवणे स्वस्त पडते. दाट वस्तीत ही सोय नेहमी मिळत नाही, हे खरे. परंतु तोडण्यापूर्वी तिचा विचार झाला पाहिजे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाला बगल दिलेली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जी शिस्त सांगितली आहे, तीत रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावण्याची मनाई आहे. मात्र झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते न्यावे, अशी मुभाही आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्याच्या आदल्या रात्री त्यावर वसणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडे जाण्याची विनंती करण्याचा विधी आहे. शनिवारी पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या माउलीला वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ काढवत नाही, तेव्हा तिला हसण्यापेक्षा हा विधी सांगितलेला बरा. तो पिंपळ बोटभर असतानाच उपटून दुसरीकडे लावला, तर भिंतही वाचते आणि श्रद्धाही.

कायद्याची वाट १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमातून जाते. झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी महापालिकेच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही. परवानगी नाकारलीच जाते हा समज मात्र चुकीचा आहे. मेलेले, रोगट किंवा जीविताला धोका असलेले झाड कायद्याने वेगळे मानले आहे. मूळ कायद्यात अर्जावर निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत आहे. म्हणजे एप्रिलच्या अखेरीस केलेल्या अर्जाचा निकाल मृग लागून गेल्यावर येणार. अर्जाचा हंगाम हिवाळा होय.

पाहणीही नुसती कागदोपत्री असून चालत नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला नारळाचे झाड कोसळून रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. ते तोडू द्यावे अशी मागणी रहिवाशांनी आधीच केली होती आणि पाहणीत ते ठीक ठरले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. पाहणाऱ्याने बुंध्यावर लाकडी हातोडी मारून आवाज ऐकला काय, मुळाशी चार बोटे माती उकरली काय, हे अर्जदाराने विचारावे आणि त्याची लेखी नोंद मागावी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची कल्पना आणली. भूखंड मोकळा करणाऱ्या धनिकाला तो चाप योग्यच आहे. पण ज्याने साठ वर्षे निंब जपला, त्याने वीस फुटी अंगणात साठ रोपे कोठे लावावीत? अशाने प्रामाणिक माणूस अर्ज करण्याऐवजी वादळाची वाट पाहू लागेल, किंवा रात्री बुंध्यात ॲसिड ओतू लागेल. दुसरा प्रकार अगदीच अपरिचित नाही.

जुन्या वाड्यांत आणखी एक गुंता असतो. झाड मालकाचे, आणि त्याखाली झोपणारे भाडेकरू. मालक दूरच्या वसाहतीत राहायला गेलेला असेल, तर वाळक्या फांदीची त्याला घाई नसते. उलट जागा रिकामी करून घ्यायची असेल, तर हिरवेगार झाडही त्याला एकाएकी धोकादायक वाटू लागते. म्हणून पाहणीच्या वेळी दोघेही हजर असावेत आणि झाडाखाली रात्री कोण झोपते, हा प्रश्न आधी त्या घरातल्या बाईला विचारावा.