गंगेची वाइन, गंगेचे ताट

गोदावरीला नाशिकपासून परभणीपर्यंत लोक गंगाच म्हणतात. नाशिकजवळच्या गंगापूरच्या नावात आणि परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या नावातही तीच गंगा आहे. या नदीच्या वरच्या अंगाला महाराष्ट्रातल्या वाइनचे माहेर आहे आणि खालच्या अंगाला परभणीकडच्या मानवतचा ज्वारी-कापसाचा काळ्या मातीचा पट्टा. मानवत रोड स्थानकावरून मनमाडकडे निघालेली गाडी वाटेत दौलताबादवरून जाते. मराठवाड्यातल्या द्राक्षांची जुनी नोंद याच गावाची आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे लिहून ठेवले.

दौलताबादकडची हबशी, फकडी, साहेबी आणि नाशिककडची भोकरी ही जुन्या वाणांची नावे आज बाजारात जवळपास ऐकू येत नाहीत. त्यांची जागा थॉमसन सीडलेस आणि त्यातूनच निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांनी घेतली. ही सगळी खायची द्राक्षे. मणी फुगावा म्हणून घड ‘जीए’च्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवतात. पातळ सालीचे, बी नसलेले मोठे मणी गिऱ्हाइकाला आवडतात. वाइनला नेमके उलटे लागते: लहान मणी, जाड साल आणि आत बी. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल व बियांतून. थॉमसनचीही वाइन होते, पण तिला फारशी चव-वास नसतो.

म्हणून शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों हे वाण बाहेरून आले. युरोपात थंडीत वेल झोपतो. येथे त्याला कात्री लावून वळण द्यावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. खायचे द्राक्ष १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेच्या मापाच्या) आसपास काढतात. वाइनचे बहुधा २२ ते २४ पर्यंत पिकू देतात. रोपे नाव फ्रेंच लावत असली, तरी या वेळापत्रकाने ती मराठी झाली आहेत.

राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले आणि नाशिकच्या परिसरात लहान वायनऱ्या उभ्या राहिल्या. गंगापूर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून असलेली ‘यॉर्क’ ही त्यांतलीच एक. नाव इंग्लंडचे वाटते. प्रत्यक्षात ती तेव्हाच्या मालक कुटुंबातल्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. शेनिन, सोव्हिन्यों, शिराझ आणि शिराझ-कॅबरनेची ‘आरोस’ ही तिची ओळख. २०२१ मध्ये ती ‘सुला’ या वाइन कंपनीने घेतली.

आता ताट. वाइनच्या पुस्तकांतले जोडीचे नियम चीज आणि लोणी-मलईच्या जेवणावर बेतलेले आहेत; मराठवाड्यात ते तसेच चालत नाहीत. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, तुरट वाइनने तर तोंड आणखी पोळते. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तोच हा तुरटपणा. ठेचा-भाकरीबरोबर कॅबरने म्हणूनच चुकीची. तेथे किंचित गोड, थंडगार शेनिन लागते. साखर मिरचीची धार बोथट करते. अंबाडीची भाजी आंबट, तेव्हा वाइनही तितकीच आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. सोव्हिन्यों येथे टिकते.

येसर घातलेल्या मटणाच्या रश्श्याला मात्र शिराझ साजते. भाजलेली धान्ये, डाळी आणि खडा मसाला एकत्र दळून येसर होते. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो रोटुंडोन या द्रव्यामुळे, आणि मिरीतही तेच द्रव्य असते. रस्सा मात्र बेताचा तिखट हवा. हुरडा आणि द्राक्षतोडणी यांचा हंगाम जवळपास एकच. आगटीतून काढलेल्या, हातावर चोळलेल्या दाण्याची कोवळी गोडी आणि धुराचा वास यांना शेनिनपासून केलेली फेसाळ ब्रूट उत्तम जाते. पुरणपोळीपुढे कोणतीही कोरडी वाइन आंबट लागते. तेथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड ‘लेट हार्वेस्ट’च हवी.

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्लाही थंड देशातला. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा लाल बाटलीही फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी, पांढरी ८ ते १० वर. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे. ते पूर्ण केलेल्यांनी बाटली निवडण्याआधी ताटात काय वाढले आहे, ते पाहावे.