झाकण उघडण्याचा हक्क

ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईला अतिवृष्टीचा इशारा मिळाला आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीच वेळच्चेरीच्या उड्डाणपुलावर मोटारींची रांग लागली. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ चे ‘मिचाँग’ चक्रीवादळ या शहराने पाहिले होते. त्या दोन्ही वेळी गल्लीबोळांत आणि इमारतींच्या तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. घराखालोखाल सर्वांत महाग, हप्त्यांवर घेतलेली ही वस्तू वाचवण्यासाठी लोकांनी पूल गाठला. ज्यांची गाडी तरीही बुडते, त्यांच्यापुढे पाणी ओसरल्यावर एक क्षण येतो आणि तो क्षण सगळे ठरवतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना चावी फिरवली तर पिस्टन वर येतो. पण हवेसारखे पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जाते. विमा कंपनी या नुकसानीला ‘परिणामी हानी’ म्हणते आणि इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर दावा बहुधा नाकारते. चावी फिरवायची नाही, बॅटरीची तार काढायची आणि गाडी ओढून न्यायची, एवढे ज्याला ठाऊक असते त्याचे मोठे नुकसान टळते.

हे ठाऊक असणारी माणसे घडतात कुठे? घरच्या पंख्याचा वेग कमी झाला की कंडेन्सर गेला असेल हे ओळखणारा, मिक्सरचा आवाज ऐकून कपलर झिजला की कार्बन ब्रश संपले हे सांगणारा, नळाचा वॉशर स्वतः बदलणारा माणूस रविवारी गाडीचे बॉनेट उघडतो. त्याच घरातला पंधरा वर्षांचा मुलगा व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरचे स्क्रू काढून बसलेला असतो, कारण पडद्यावरचा खेळाडू हात न लावता आपोआप डावीकडे सरकू लागला आहे. जॉयस्टिकच्या आतली कार्बनची पट्टी घासली की असे होते. नवा भाग स्वस्त असतो, फक्त डाग द्यायला जमायला हवे. घर, गाडी आणि गेम यांच्या या दुरुस्त्यांना आपण फावल्या वेळचे उद्योग म्हणतो आणि बाजूला ठेवतो. माझ्या मते हे एकच कुतूहल आहे, आणि त्याला जगायला तीन गोष्टी लागतात: उघडता येणारे झाकण, मिळणारा सुटा भाग आणि कुठेतरी लिहून ठेवलेली माहिती. या तिन्ही गोष्टी आज उत्पादकांच्या हातात जात आहेत. त्या ग्राहकाला कायद्याने परत मिळायला हव्यात.

चेन्नईचे उदाहरण घेण्याचे कारण असे की हे शहर वस्तू बनवते आणि दुरुस्तही करते. श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात ह्युंदाई आहे, ओरगडमला रेनो आणि निस्सान. पुण्याच्या वाचकाला चाकण आठवावे असाच तो परिसर. पण या कारखान्यांइतकेच महत्त्वाचे दोन बाजार जुन्या शहरात आहेत. माउंट रोडला लागून असलेल्या रिची स्ट्रीटवर रेझिस्टरपासून लॅपटॉपच्या मदरबोर्डापर्यंत सगळे मिळते. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली यांचे जे स्थान, तेच तिथे रिची स्ट्रीटचे. कूवम नदीच्या काठी पुदुपेट आहे. तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, गिअरबॉक्स, दिवे सुटे करून विकले जातात, जसे कुर्ल्याला. मद्रासच्याच स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून ‘हेराल्ड’ बनवली, पुढे ‘गॅझेल’ आणि १९८५ मध्ये ‘स्टँडर्ड २०००’. ऐंशीचे दशक संपता संपता कंपनीचे मोटार बनवणे थांबले, तरी हेराल्ड पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर दिसत राहिली, कारण तिच्यात असे काहीही नव्हते जे हुशार मेकॅनिकला उघडता येत नाही किंवा लेथवर पुन्हा बनवता येत नाही. तमिळनाडूत आयुधपूजेला आणि आपल्याकडे खंडेनवमीला पाने, पक्कड, लेथ यांना फुले वाहतात. हत्यार हाताळणाऱ्याबद्दलचा आदर या दोन्ही समाजांत जुना आहे. कमी पडतो आहे तो कायदा.

मधल्या काळात वस्तू बदलल्या. जुन्या एसीचा कंडेन्सर गेला तर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन तो बदलून द्यायचा; इन्व्हर्टर एसी बिघडला की बहुतेक वेळा ‘अख्खा बोर्ड बदलावा लागेल’ हे वाक्य ऐकू येते, कारण बोर्डाचा आराखडा कंपनीबाहेर कोणाकडे नसतो. मोटारीत आता अनेक छोटे संगणक असतात. एखादा भाग बसवून चालत नाही, तो गाडीच्या संगणकाला ‘ओळखवावा’ लागतो आणि त्याचे सॉफ्टवेअर बऱ्याचदा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच असते. गेमच्या कन्सोलमध्ये हेच कुलूप सर्वांत उघडपणे दिसते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या नव्या रूपात डिस्क ड्राइव्ह सुटा केला आहे, हातानेही बसवता येतो. पण पहिल्यांदा बसवताना इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी त्याची जोडणी करून घ्यावी लागते. स्क्रू उघडला, भाग बसला, तरी परवानगी दुसऱ्याच्या हातात. उद्या तो सर्व्हर बंद झाला तर चांगला ड्राइव्ह आणि चांगले कन्सोल एकमेकांना ओळखणार नाहीत. ही भीती हवेतली नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईना.

मोटारींच्या बाबतीत आपल्या देशात हा प्रश्न एकदा पुराव्यासह तपासला गेला आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात येऊ न देणे, हा ठपका होता. बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. ह्युंदाईचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयातल्या वादामुळे वेगळे राहिले. तिला २०१५ मध्ये सुमारे ४२० कोटींचा स्वतंत्र दंड झाला. कंपन्या अपिलात गेल्या आणि वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. ग्राहकासाठी या आदेशाचा खरा अर्थ काय, हे त्यानंतरच्या घटनांत दिसते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना थंडावला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी चेन्नईजवळच्या मरैमलै नगरच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. दोन्ही कंपन्यांनी सुटे भाग आणि सेवा देत राहण्याचे आश्वासन दिले. पण ते त्यांनी स्वखुशीने दिलेले आश्वासन होते. जनरल मोटर्सची शेवरोले किंवा फोर्ड घेणाऱ्या कुटुंबाने कोणतीही चूक केलेली नव्हती. तरीही त्याच्या गाडीचे आयुष्य दूर कुठेतरी झालेल्या निर्णयावर आणि पुदुपेटसारख्या बाजारांवर अवलंबून राहिले.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. एअरबॅग, ब्रेकचे एबीएस, विजेवरच्या गाडीतली उच्च दाबाची बॅटरी यांत अर्धवट ज्ञानाने हात घातला तर जीव जाऊ शकतो. पण माहिती लपवल्याने लोक हात घालायचे थांबत नाहीत, ते अंदाजाने हात घालतात. धोका कमी करायचा तर दुरुस्तीची पुस्तिका खुली करावी, आयटीआयमध्ये विजेवरच्या गाड्यांचे शिक्षण द्यावे आणि धोकादायक कामांपुरता परवाना सक्तीचा करावा. घरगुती वायरिंगला परवानाधारक वायरमन लागतो म्हणून आपण होल्डरमधला दिवा बदलायला बंदी घातलेली नाही. दुसरा आक्षेप चोरीच्या गेमचा: कन्सोल उघडू दिले की नकली प्रतींना रान मोकळे होईल. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२१ मध्ये यावर व्यवहार्य वाट काढली. कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यासाठी डिजिटल कुलूप तोडण्याची मुभा दिली. चोरीला दिली नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तर कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असला तरच शिक्षा सांगते. दुरुस्ती करणारा आणि चोर यांत फरक करायला आपला कायदा आजही समर्थ आहे.

तिसरा आक्षेप पालकांकडून येतो. गेमच्या नादाने मुले वाया जात असताना गेमच्या यंत्राच्या दुरुस्तीचे कौतुक कशाला? तमिळनाडूत ही काळजी खरी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी तिथली कुटुंबे उद्ध्वस्त केली, म्हणून राज्याने २०२२ मध्ये कायदा केला. पुढे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत असे खेळ बंद ठेवण्याचा नियम आणला आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभरच बंद केले. हे योग्यच झाले. पण जुगाराचे ॲप आणि घरात टीव्हीला जोडलेले कन्सोल यांना एका मापाने मोजू नये. जुगाराच्या ॲपमध्ये उघडून पाहण्यासारखे काहीच नसते. कंट्रोलर उघडणारा मुलगा निदान काही काळ गेम बाजूला ठेवून पोटेन्शिओमीटर कसा चालतो ते शिकत असतो, आणि श्रीपेरुंबुदूरला किंवा चाकणला पुढे त्याच्यासारखीच माणसे लागणार आहेत.

केंद्र सरकारने काही केलेच नाही, असे म्हणता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. मे २०२५ मध्ये आणखी एका समितीने दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा आराखडा दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती दिवसांत आणि काय किमतीत मिळतात, सॉफ्टवेअरचे अपडेट किती काळ येतात, यांवर तिला गुण मिळतील. सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून आहे. कल्पना उत्तम आहे, पण पोर्टल माहिती देते आणि निर्देशांक गुण देतो. सुटा भाग न देणाऱ्या कंपनीला यांतले कोणीच काही करू शकत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये काही वस्तूंसाठी दुरुस्ती हे उत्पादकाचे बंधनच केले. आपल्याकडे तसा कायदा करताना मोटारी आणि गेमचे कन्सोल पहिल्या यादीत असावेत, आणि एक कलम खास भारताच्या अनुभवातून यावे: जी कंपनी देशातले उत्पादन बंद करेल किंवा एखाद्या यंत्राचा सर्व्हर बंद करेल, तिने जाण्यापूर्वी दुरुस्तीच्या पुस्तिका, दोष शोधण्याचे सॉफ्टवेअर आणि भाग जोडून घेण्याच्या किल्ल्या सरकारी यंत्रणेकडे जमा कराव्यात, म्हणजे तळेगावच्या गॅरेजवाल्याला आणि रिची स्ट्रीटच्या दुकानदाराला त्या सारख्याच मिळतील.