विश्लेषण : अ‍ॅपची मोफत ट्रायल संपली की पैसे का कापले जातात?

गोंदिया जिल्ह्यात कृषी केंद्राचा हिशेब धानावर चालतो. जून-जुलैत बियाणे, खत उधारीवर जाते. वसुली होते धान विकल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे. अशा दुकानदाराने बिलिंग अ‍ॅपच्या सात दिवसांच्या ट्रायलमध्ये तपासायचे काय? उधारी लिहून होईल, पण वसुलीच्या आधीच मुदत संपेल. त्यापेक्षा वीस-पंचवीस गिऱ्हाइकांची खाती हंगामभर मोफत दिली, तर अ‍ॅप कामाचे आहे की नाही ते कळेल तरी.

ऑटोपेची सक्ती चालते का?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ ‘डार्क पॅटर्न’ची यादी काढली. मोफत सेवेसाठी कार्डाचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणे, हा त्यातील ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’.

मग दुकानदार सुरक्षित?

इथेच गोम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण तिचे शब्द विकत घेतलेल्या मालाबद्दल आहेत; सेवेचा उल्लेख नाही. अ‍ॅप ही सेवाच.

उरतो रिझर्व्ह बँकेचा नियम. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. मात्र १५ हजार रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो मेसेज वाचायचाच. अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकल्याने परवानगी रद्द होत नाही. ती यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागातून, कार्ड दिले असेल तर बँकेकडून बंद करावी लागते.